तळघराचं नाव कोणी लपवलं?

१

"आहे म्हणे, पण नाही म्हणे. चार वर्षं हाक मारली की ओ द्यायचं, आता काय धाड भरली मेल्याला!"

माझी भाची लॅपटॉपवर वैतागली होती, माझ्यावर नाही. पण तिच्या टेबलाशी दोघी बसलो की एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत जातं, त्यामुळे तिचं पुटपुटणं थेट माझ्या कानात. एरवी ती यंत्रांशी भांडत नाही. आज जरा ऐकू जाईल अशा बेतानं भांडत होती.

"खारू, नीट सांग. कोण नाहीसं झालंय?"

"तळघर."

लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. चौतीस वर्षांची झाली, तरी नाव काही सुटलं नाही. ती पाणीपुरवठ्याचे नकाशे काढते: जमिनीखालून कुठला नळ कुठून जातो, कुठे जोडलाय, कुठे गंजलाय. हे सगळे नकाशे तिच्या ऑफिसातल्या एका यंत्रात असतात. यंत्र तळमजल्याच्याही खाली ठेवलंय, म्हणून त्याचं नाव तळघर. ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण खारू घरूनच काम करते. व्हीपीएन नावाचा एक खासगी बोगदा उघडायचा, त्यातून तळघराला हाक मारायची आणि नकाशा उघडायचा. मंगळवारपासून बोगदा उघडत होता, पण तळघराला हाक मारली की लॅपटॉप म्हणायचा, या नावाचं कोणी नाही.

आज शुक्रवार. दुपारचे दोन. आणि तिच्या साहेबांचा, ज्यांना ऑफिसात सगळे मोजपट्टी म्हणतात, सकाळीच निरोप आला होता. पाचपर्यंत जोडणी झाली नाही, तर सोमवारपासून रोज नऊ ते सहा ऑफिसात या. जमत नसेल तर तसं कळवा, तुमच्या जागी दुसरं माणूस बघू.

निरोप साधाच होता. पण खारू रोज ऑफिसात गेली, तर अण्णांपाशी कोण थांबणार?

अण्णा म्हणजे खारूचे वडील, माझे थोरले भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं. वहिनी त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून खारू आणि अण्णा, चौथा मजला, दोन खोल्या. हा प्रश्न घरात सगळ्यांना पाठ होता आणि कोणीच तो मोठ्यानं विचारत नव्हतं. माझ्या भाच्यानं, म्हणजे खारूच्या थोरल्या भावानं, परगावाहून सकाळी मला फोन केला तोही असा वळसा घालूनच. "आत्या, तुला यातलं कळतं. काहीही कर, पण तिचं घरून काम बंद पडता कामा नये."

मला यातलं कळतं ते असं: टायपिंगच्या दोन परीक्षा, आणि पुढचं सगळं चुका करकरून. तीन शाळांचे आणि एका छापखान्याचे संगणक मी सांभाळते. सगळ्यांवर, खारूच्या लॅपटॉपवरही, लिनक्स नावाची यंत्रणा, कारण ते फुकट आणि चुकलं तर निदान काय चुकलं ते सांगतं.

"तळघराचा नंबर आहे तुझ्याकडे?"

तिनं सांगितला. मी नावाऐवजी नंबर टाकून हाक मारली.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

म्हणजे तळघर जिवंत होतं, जागेवर होतं, बोगद्याच्या त्या टोकाला अगदी खणखणीत जागं होतं. कोणीतरी फक्त त्याचं नाव पुसलं होतं.

२

"मग नंबरावरच चालव ना काम," दारातून अण्णा म्हणाले.

दिवसा अण्णांची चाकाची खुर्ची खोलीच्या दारातच असते. तिथून त्यांना खिडकी दिसते आणि घड्याळही. खोलीत भिंतीला एकच बटणांची पाटी, म्हणून टेबल तिथे. टेबलामागे खुर्ची, खुर्चीला चिकटून अण्णांची खाट. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची राखाडी पाठ. खारूला खोलीबाहेर पडायचं, तर आधी अण्णांची खुर्ची मागे सारावी लागते. आणि ती सारली की अण्णा विचारतात, "कुठे निघालीस?"

"नाही चालत, बाबा," खारू म्हणाली. "एका नकाशाला बाकीचे चारशे जोडलेत, तेही नावानं. नंबर देऊन पहिला उघडतो, बाकीचे पांढरे फटक."

अण्णांना हे लगेच पटलं. ते एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौकशीच्या टेबलावर होते. लोक नाव सांगायचे, ते नंबर द्यायचे. यंत्रांचंही असंच. माणसांना नावं आठवतात, यंत्रांना नंबर. म्हणून मध्ये कोणीतरी चौकशीवाला लागतोच. बाहेरच्या जगातली नावं कुठलाही चौकशीवाला सांगेल. तळघर हे मात्र ऑफिसचं आतलं, खासगी नाव. ते फक्त ऑफिसच्या चौकशीवाल्याला माहीत.

मी ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला फोन लावला. आवाजावरून भला माणूस, पण तीन दिवस हेच ऐकून कंटाळलेला.

"बाई, आमच्याकडून सगळं ठीक आहे. घरून काम करणारे एकोणीस जण आहेत. अठरांना तळघर दिसतंय."

"बोगदा उघडला की तुमच्याकडून चौकशीवाल्याचा नंबर येतो ना?"

"येतो. लॅपटॉपवरच्या रिझॉल्व्ह फाईलीत आपोआप जाऊन बसतो. आणि मी बुधवारीच मॅडमना दुसरा उपाय सांगितला होता. तुमच्या होस्ट्स फाईलीत, ती घरची छोटी यादी असते ना, त्यात तळघराचं नाव आणि नंबर हातानं लिहा. मग कोणाला विचारायची गरजच नाही."

"मग?"

"लिहिलं म्हणाल्या. उपयोग झाला नाही म्हणाल्या. तसं व्हायला नको खरं तर."

मी आभार मानून फोन ठेवला आणि रिझॉल्व्ह फाईल उघडली. आत दोनच ओळी. पहिलीत एकटं हॅशचं चिन्ह, पुढे काही नाही. दुसरीत एक नंबर. आणि तो ऑफिसच्या चौकशीवाल्याचा नव्हता, कोपऱ्यात दिवे मिचकावणाऱ्या घरच्या राऊटरचा होता.

म्हणजे लॅपटॉप तळघराचा पत्ता राऊटरला विचारत होता. राऊटर बिचारा बाहेरच्या रस्त्यावरचा. तो प्रामाणिकपणे सांगत होता, असं कोणी नाही.

"एवढंच ना!" मी म्हटलं. नंबर खोडला, ऑफिसचा लिहिला, जतन करायला गेले.

नकार.

मग मी रूट झाले. रूट म्हणजे त्या यंत्राचा मालक. त्याला सगळी दारं उघडी, तो स्वतःचं घरही पाडू शकतो.

मालकालाही नकार.

यंत्र मालकाला फार क्वचित नाही म्हणतं. मी फाईलीचे गुणधर्म पडद्यावर मागवले. ओळभर रेघा, आणि त्या रेघांमध्ये बारीकसं एक अक्षर.

कुलूप. ते आपोआप पडत नाही. यंत्र बिघडलं म्हणून पडत नाही, नवं सॉफ्टवेअर आलं म्हणूनही नाही. कोणीतरी बसून, हुकूम टाइप करून ते लावावं लागतं.

आणि या घरात ते लावायला शिकवलं होतं मी.

३

दीड वर्षापूर्वी याच टेबलाशी मी खारूला ही युक्ती दाखवली होती. तेव्हा एक आगाऊ प्रोग्राम ती फाईल सारखी पुसून टाकायचा. दोन दिवस कुलूप लावलं, प्रोग्राम काढला, कुलूप उघडलं. माझ्या वहीतली ती पानं मी तिला झेरॉक्स करून दिली होती. पहिल्याच पानावर माझा नियम ठळक अक्षरांत: फाईलीला हात लावलास तर वर हॅश टाकून एक ओळ लिही. कोणी, कधी, का. हॅशपुढचं यंत्र वाचत नाही, ते माणसांनी माणसांसाठी लिहायचं. नाहीतर सहा महिन्यांनी आपणच चोर शोधत बसतो.

तेव्हा उघडायला विसरले तर नाही मी? भाच्यानं मोठ्या विश्वासानं बोलावलेला डिटेक्टिव्हच गुन्हेगार!

पण छे. सोमवारपर्यंत सगळं चालत होतं. मी फाईलीच्या वेळा काढल्या. शेवटचा हात लागला तो मंगळवारी सकाळी दहा बावन्नला. कुलूप पडल्यावर फाईलीत काहीच बदलता येत नाही, म्हणजे कुलूप पडण्याचीच ती वेळ. मंगळवारी सकाळी मी शाळेच्या कार्यालयात प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते.

मी सुटले. बाकीचे अडकले.

लॅपटॉपवर खातं एकच, आणि पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ. अण्णा दुपारी त्यावर बुद्धिबळ खेळतात. भाच्यानंही परगावाहून आत शिरायची सोय करून ठेवलीय, मदतीसाठी म्हणून. मी आधी त्यालाच फोन लावला.

"मंगळवारी अकराच्या सुमाराला काय करत होतास?"

"आत्या, तू पोलिसासारखी काय विचारतेस? मीटिंगमध्ये होतो. का?"

"लॅपटॉपमध्ये शिरला नव्हतास?"

"मी कशाला शिरू? आणि मोडून मला काय मिळणार? तिचं घरून काम चालू राहावं म्हणून तुला मीच बोलावलं ना?"

त्याचा मुद्दा बरोबर होता. शिवाय बाहेरून कोणी आत आलं तर लॅपटॉप त्याची नोंद ठेवतो. मी ती बघितली. महिनाभरात बाहेरून कोणीही आलेलं नव्हतं.

"अपडेटनं झालं असेल गं काहीतरी," तो म्हणाला. "तू फक्त चालू करून दे. बाबांना दुसऱ्या कोणाची सवय नाही, तुला माहितीय. खारूच त्यांचं सगळं छान करते."

छान करते. दूरच्या माणसाला हा शब्द किती सहज सापडतो! तसा तो मला वीस मिनिटांवर राहूनही सापडतोच.

फोन ठेवला आणि मी सरळ हिशेब मांडला. मंगळवारी दहा बावन्नला कुलूप लावणारा बाहेरचा नव्हता. तो या खोलीत होता. आणि या खोलीत त्या वेळी दोनच माणसं असतात.

४

खारू स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. जाताना तिनं अण्णांची खुर्ची मागे सारली, बाहेर गेली, परत पुढे ओढली. "कुठे निघालीस?" विचारून झालं, "चहा टाकते" सांगून झालं. दोघांनाही हे इतकं सवयीचं, की एकानंही दुसऱ्याकडे बघितलं नाही.

मी खाटेच्या कडेवर बसले.

"अण्णा, लॅपटॉपवर बुद्धिबळाशिवाय काय काय करता?"

"हरतो," अण्णा म्हणाले. "बारके, तुला जे विचारायचंय ते विचार. माझं तोंड वाकडं झालंय, डोकं नाही."

बारकी म्हणजे मी. माझा आजचा घेर बघता या नावानं हाक मारायचं धाडस अण्णाच करू जाणे.

"मंगळवारी सकाळी अकराच्या आधी कुठे होतात?"

"तुझ्याशी फोनवर. दर मंगळवारी पावणेअकरा ते सव्वाअकरा. सव्वाअकराला माझं औषध. एक्सचेंज सोडलं म्हणून वेळ नाही सोडली."

खरंच की! एका हातानं प्रिंटर उघडत, दुसऱ्या हातानं मी फोन कानाला लावून होते. अण्णांचा हात तर एकच चालतो, डावा, आणि त्या अर्ध्या तासात त्यात फोन असतो. स्पीकर लावत नाहीत. घरातलं बोलणं चव्हाट्यावर कशाला, म्हणतात. अण्णांची साक्षीदार मीच होते.

आणि त्याच फोनवरचं एक वाक्य मला आठवलं. मागून खाटखूट ऐकू येत होती, म्हणून मी विचारलं होतं, कोण टाइप करतंय एवढं? अण्णा म्हणाले होते, कोण असणार, तुझीच शिष्या.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. ते खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"चौकशीवर असताना आमच्याकडे दोन याद्या असायच्या. एक सगळ्यांसाठी. दुसरी बारकी, ड्रॉवरमध्ये. त्यातल्या लोकांचा नंबर कोणी विचारला की सांगायचं, या नावाचा ग्राहक नाही. ग्राहक असायचा गं. पण त्यानंच अर्ज दिलेला असायचा, माझं नाव कोणाला देऊ नका."

"का देत असतील असा अर्ज?"

"आम्ही विचारायचो नाही," अण्णा म्हणाले. "विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. किती वाजले?"

घड्याळ त्यांच्या समोरच होतं. चार वाजून पाच मिनिटं.

५

स्वयंपाकघरात जायच्या बोळात इस्त्रीचा पाट उभा केलेला होता. आल्याआल्याच माझा गुडघा त्यावर आपटला होता, तेव्हा मी फक्त पाटाला शिव्या घातल्या. आता वर बघितलं. दाराच्या खुंटीवर खारूचे पाच सदरे. कडक इस्त्रीचे, ओळीनं, सोमवार ते शुक्रवार पुरतील असे. खाली बुटांची जोडी, पॉलिश केलेली. एकोणीस महिने ही मुलगी घरच्या कपड्यांत नकाशे काढतेय. औषधाच्या दुकानात जायला तिला इस्त्री लागत नाही.

खारू धुतलेला कप परत धूत होती.

"नेटवर्कवाला म्हणाला, होस्ट्समध्ये लिहून बघायला सांगितलं होतं त्यानं."

"हो. लिहिलं."

"चाललं नाही?"

"नाही चाललं." पाण्याची धार तशीच चालू. "जाऊ दे ना आत्या. सगळे प्रयत्न झाले. सोमवारी जावं लागलं तर जावं लागेल. माझ्या हातात आहे का काही?"

आणि हे म्हणताना दिवसभरात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. डोक्यावरची भरलेली पाटी कोणीतरी उतरवून घेतल्यावर येतात तसे.

मी टेबलाशी परत आले. होस्ट्स फाईल उघडली. घरच्या त्या छोट्या यादीत लॅपटॉपचं स्वतःचं नाव तेवढं होतं. तळघर नव्हतं. फाईलीला शेवटचा हात लागला होता दीड वर्षापूर्वी, तोही माझा. वर माझी ओळ होती, नाव, तारीख, कारण. खारूनं तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं, तर बुधवारीच तळघर सापडलं असतं.

मग मी कुलूपवाली फाईल परत उघडली आणि त्या पहिल्या ओळीकडे नीट बघितलं. एकटं हॅश.

भाच्यानं केलं असतं तर तिथे ते चिन्ह आलंच नसतं. त्याला कुठे माहीत माझा नियम? अण्णांनाही नाही. हा नियम मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलाय. त्या माणसाचा हात सवयीनं वर गेला, हॅश टाकलं, आणि पुढे थबकला. कोणी, कधी, का. पहिल्या दोनांची उत्तरं सोपी होती. तिसऱ्याचं उत्तर त्या माणसाला यंत्र न वाचणाऱ्या ओळीतसुद्धा लिहवलं नाही.

कोडं सुटलं होतं. एरवी अशा वेळी मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेते.

दुरुस्ती तीन ओळींची. कुलूप काढायचं, फाईल मूळ जागी जोडायची, बोगदा नव्यानं उघडायचा. दोन मिनिटांत तळघर ओ देणार. मोजपट्टी खूश, भाचा खूश. खारू या खुर्चीत, खुर्चीमागे खाट, दारात अण्णा, खिडकीबाहेर राखाडी भिंत. सोमवारी, मंगळवारी, पुढच्या वर्षीही.

आणि नाही दुरुस्त केलं तर? तर सोमवारी सकाळी नऊला या दारात कोण असणार होतं?

उत्तर वीस मिनिटांवर राहत होतं आणि ते आत्ता या खुर्चीत बसलेलं होतं.

६

पावणेपाचला मी सगळ्यांना एकत्र बसवलं. म्हणजे अण्णा होते तिथेच होते, खारू खाटेवर बसली आणि भाच्याला मी स्पीकरवर घेतलं. अण्णांनी कपाळाला आठी घातली.

"झालं का?" भाच्यानं विचारलं.

"सापडलं. कोणीतरी मुद्दाम फाईलीला कुलूप लावलंय."

"मुद्दाम? हॅकर?"

"हॅकरला पाण्याच्या नळांशी काय करायचंय! ऐक. ऑफिसचा दोष नाही, बाकीच्या अठरा जणांचं चालतंय. राऊटरचा नाही, त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. तू बाहेरून शिरला नव्हतास, नोंद नाही. अण्णा त्या वेळी माझ्याशी फोनवर होते, आणि त्यांना हात एकच."

"मग राहिलं कोण?"

"मी आणि खारू."

"आत्या, तू केलंस?"

खारूला हसू फुटलं. आलं तसंच मध्येच अडकलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी केलं असतं तर वर माझं नाव लिहिलं असतं," मी म्हटलं. "मी मिरवणारी बाई आहे."

"काहीतरीच काय! खारू कशाला करेल? नुकसान तिचंच आहे. नोकरी जायची वेळ आलीय तिची."

"नोकरी जाणार नव्हती. ऑफिसात यावं लागणार होतं."

"तेच ते. कसं जाणार ती ऑफिसात? बाबांना टाकून?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, अण्णा ऐकतायत हे त्याला आठवलं असावं. "हे बघ, झालं असेल चुकून. कोणी काही म्हणत नाहीये तिला. आत्या, पाचला दहा कमी आहेत. तू आधी चालू कर. सगळं पहिल्यासारखं होऊ दे, मग बोलू."

मग बोलू. गेली दोन वर्षं आम्ही सगळे मगच बोलणार होतो. दर मंगळवारी मी अण्णांना औषध विचारते, झोप विचारते, पायाची सूज विचारते. फोन ठेवताना "खारू बरी आहे ना" असं म्हणते, आणि तेही अण्णांना. खारूला कधी विचारलं नाही. तिनं खरं सांगितलं असतं, तर ते बसमध्ये बसून माझ्या दाराशी आलं असतं, हे मला पहिल्या मंगळवारपासून माहीत होतं.

खारू स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. घड्याळात काटा सरकला.

तिन्ही ओळी मी आधीच टाइप करून ठेवल्या होत्या. फक्त एंटर बाकी होतं आणि माझं बोट त्यावर होतं. सांगायला लाज वाटते, पण एवढं सगळं कळूनही ते बोट खाली चाललं होतं.

"बारके, हात काढ."

अण्णांनी चाक डाव्या हातानं ढकललं. एका बाजूनं ढकललं की ती खुर्ची वाकडी जाते, तशी ती गेली, टेबलाच्या पायाला लागली, आणि आता दार मोकळं झालं होतं. मी हात काढला.

"बाबा, काय चाललंय तिथे?" फोनमधून भाचा.

"तू गप्प बस जरा," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. त्यांना मान वळवायला वेळ लागतो. "खारू. मला ऐकू येत होतं गं मंगळवारी. तू असं घाईघाईनं कधी टाइप करत नाहीस. मी फोनवर बारकीशी बोलत राहिलो. तुला वाटावं की माझं लक्ष नाही."

खारूनं वर बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय केलंस ते नव्हतं माहीत. का केलंस ते होतं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, रोजच्या कामातलं काहीतरी विचारावं तसा. "पण ते मी बोलून उपयोग नाही. तू बोल. मी ऐकतोय."

"बाबा, नको."

"बोल."

खारू उठून उभी राहिली. उभं राहायलाही तिला त्या जागेत माझी खुर्ची सरकवावी लागली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, फोनकडे बघितलं नाही.

"कुलूप मी लावलं," ती म्हणाली. "मोजपट्टींनी बोलवावं म्हणून लावलं. म्हणजे मला जावं लागलं असतं, जायचंय असं म्हणावं लागलं नसतं."

"आणि जायचंय का?" अण्णांनी विचारलं.

तिचे डोळे अण्णांवरच होते.

"हो. बाबा, मला दिवसभर तुमच्यापाशी नाही राहायचं."